नाशकात पुन्हा हँड-फूट-माउथ: फोडांपेक्षा पाण्याकडे लक्ष द्या

गोदाकाठी (इंदिरानगर)

पाऊस ओसरायला लागला की आपल्याकडच्या प्लेग्रुपांच्या व्हॉट्सॲपवर एकाच जातीचे फोटो यायला लागतात. चिमुकला तळहात, त्यावर लाल ठिपके, खाली प्रश्न: ‘हे काय असेल हो?’ मग निदानं सुरू. कांजिण्या. डास चावलेत. अंगात उष्णता आहे, सब्जा द्या. साबण बदलला का? आणि एखादी मावशी हमखास ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून मोकळी होते.

आमच्या धाकट्याला हे हँड-फूट-माउथ होऊन गेलंय, सोसायटीत सध्या चालू आहे, आणि रोज कुणीतरी तेच ते विचारतंय. म्हणून एका जागी लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. इथे काही बालरोगवाले वाचत असतात, त्यांनी भर घालावी.

आजार विषाणूंचा. एन्टेरोव्हायरस नावाचं मोठं घराणं आहे, पोलिओचा विषाणूही त्यातलाच, पण त्या नावाने लगेच घाबरू नका. हँड-फूट-माउथ करणारे मुख्य तिघे: कॉक्सॅकी ए१६, कॉक्सॅकी ए६ आणि एन्टेरोव्हायरस ए७१. कॉक्सॅकी हे अमेरिकेत हडसन नदीकाठचं एक गाव. या जातीचा विषाणू १९४८ मध्ये तिथल्या मुलांच्या नमुन्यांत पहिल्यांदा सापडला, म्हणून ते नाव. आपल्या देशात साथ म्हणून ठळक नोंद झाली ती २००३ मध्ये, केरळातल्या कालिकतला. आता तर दर पावसाळ्याचा पाहुणा झालाय.

लागण झाल्यावर ३ ते ६ दिवसांनी ताप येतो, मूल किरकिरं होतं, जेवायला नको म्हणतं. आणखी एक-दोन दिवसांत तोंड येतं: जिभेवर, गालांच्या आत, टाळूवर. मग तळहात, तळपाय, आणि बऱ्याच मुलांना ढुंगण, गुडघे, कोपरं इथेही पुरळ. साधारण ७ ते १० दिवसांत आपोआप बरं होतं. विषाणू मारणारं औषध नाही. अँटिबायोटिकचा इथे काही संबंध नाही.

आता मुद्दा. हातापायांवरचे फोड दिसतात, म्हणून आपण लोशन घेऊन त्यांच्या मागे लागतो. पोराला जेरीस आणतात ते तोंडातले, जे आपल्याला धड दिसतही नाहीत. गिळताना आग होते म्हणून पाणीसुद्धा नको. लाळ गिळायची नाही, ती गळतेय, शर्ट ओला. त्यात ताप. या आजारात मुलांना सलाईन लागतं ते बहुतेक याच कारणाने. तेव्हा दिवसभर हिशेब दोनच गोष्टींचा: किती प्यायलं आणि शू किती वेळा झाली. आम्ही फ्रीजवर कागद लावला होता, सासूबाईंनी त्यावर शूच्या रेघा ओढल्या. दूधवाल्याचं खातं वाटावं असा.

आमच्याकडे काय चाललं: गार दूध, गार केलेली नाचणीची पेज, शहाळ्याचं पाणी (जरा थंड), साधा दहीभात पण दही अजिबात आंबट नको, केळं कुस्करून, आणि हो, व्हॅनिला आईस्क्रीम. काय चाललं नाही: मोसंबीचा रस, लिंबू सरबत, टोमॅटोचं सार, मीठ-तिखट काहीही. आजारी माणसाला मोसंबी हा आपला पिढीजात नियम आहे, तो इथे मोडावा लागतो. पेलाभर एकदम पुढे केला तर नकार. चमच्याने, ड्रॉपरने, इंजेक्शनच्या सिरिंजने (सुई काढून, हे सांगायलाच नको) दर पाच मिनिटांनी थोडं थोडं. गळतीच्या नळाखाली बादली भरते तसं.

पंचवटीची_आजी

बाळ, लेख चांगला लिहिलास. आमच्या वेळी अंगावर काहीही उठलं की ‘बाई आल्या’ म्हणत. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, पोराला अंघोळ नाही, बाहेरचं माणूस आत नाही. आता तुम्ही नावं ठेवाल, पण मला त्यातलं काही पटतं अजून. नातवाला झालं तेव्हा मी फोडणी बंद केली होती. सून हसली.

गोदाकाठी (इंदिरानगर)

आजी, मी नाही हसणार. तिखट-फोडणीचं खाऊन तोंड आलेल्या पोराची आग आग होते, त्यामुळे अळणी, मऊ जेवण बरोबरच आहे. बाहेरच्या माणसाला आत न घेणं तर उत्तमच. अंघोळीचं मात्र सोडा. कोमट पाण्याने रोज घालायची, हलक्या हाताने टिपायचं, फोड फोडायचे नाहीत.

बाळडॉक्टर_नाशिकरोड

धागा वाचला. मुख्य मुद्दा शंभर टक्के बरोबर, आता थोडी भर.

आधी ओळख. कांजिण्यांचे फोड पोट, छाती, पाठ, चेहरा, डोकं इथून सुरू होतात, प्रचंड खाजतात, आणि एकाच वेळी ठिपका, पाण्याचा फोड, खपली असे सगळे प्रकार अंगावर दिसतात. हँड-फूट-माउथ नावाप्रमाणे टोकांना आणि तोंडात, खाज कमी, दुखरेपणा जास्त. ए६ मात्र फसवतो. त्यात तोंडाभोवती, हातापायांवर, ढुंगणावर मोठे मोठे फोड येतात आणि आम्हीसुद्धा दोनदा बघतो. गोवरात आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल, मग कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं. गोवर विसरू नका. २०२२ च्या शेवटी मुंबई-भिवंडीबरोबर आपल्या जिल्ह्यात मालेगावात गोवराची साथ आली होती. गोवर-रुबेलाची लस सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. कार्ड काढून बघा, राहिला असेल तर घेऊन टाका. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, खाजगीत मिळते, दोन डोस.

हँड-फूट-माउथची लस भारतात नाही. चीनमध्ये ए७१ विरुद्धची आहे, पण ती ए१६ आणि ए६ ला अडवत नाही.

आता घाबरायचं कधी. बहुतेक मुलं घरीच बरी होतात. पण ए७१ क्वचित मेंदूवर जातो. १९९८ मध्ये तैवानच्या साथीत ७८ मुलं गेली, त्यात बहुतेक लहानगी. आपल्याकडे प्रामुख्याने ए१६ आणि ए६ सापडतात, ते सौम्य. तरीही यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी थांबायचं नाही:

झोपेत किंवा जागेपणी वारंवार दचकणं, हातपाय झटकणं. चालताना तोल जाणं. सारख्या उलट्या. गुंगी, हाक मारली तरी नीट न उठणं. मान ताठ. श्वास जोरात, हातपाय गार आणि डागाळलेले. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप. सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ओठ-जीभ कोरडी. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर कशाचीच वाट बघू नका.

गिरणारेकर

नमस्कार मंडळी. आमचा धंदा टमाट्याचा. २०२२ साली टीव्हीवर ‘टोमॅटो फ्लू’ चालू झालं तेव्हा पाहुणे फोन करून विचारायचे, तुमच्या मालात काही आलंय का म्हणे. अरे काय राव! भाव पाडायला व्यापारी कमी होते का. तर डॉक्टरसाहेब, एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका, टमाटे खाऊन हे होतं का? दुसरं, गायांना लाळ्या-खुरकूत होतं, तोंडाला फोड, खुरांना फोड, लाळ गळते. बघायला गेलं तर सारखंच. गोठ्यातून पोरांना लागतं का?

बाळडॉक्टर_नाशिकरोड

दादा, टोमॅटो निर्दोष. केरळात कोल्लम जिल्ह्यात २०२२ मध्ये लहान मुलांना लाल, गोल, मोठे फोड आले, ते टोमॅटोसारखे दिसतात म्हणून ते नाव पडलं. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन मुलांचे नमुने तपासले, कॉक्सॅकी ए१६ निघाला. म्हणजे हाच आजार, नवीन काही नाही. पिंपळगावच्या मार्केटात बिनधास्त माल उतरवा.

लाळ्या-खुरकूत वेगळ्या विषाणूचं. लांबचे नातेवाईक आहेत, पण गायीचं पोराला आणि पोराचं गायीला जात नाही. गायीला पशुवैद्यक दाखवा, लस चुकवू नका.

एवढंच की तोंड आलेल्या पोराला टोमॅटोचं सार पाजू नका. आग होते.

गिरणारेकर

ठीक. हे मी गावच्या ग्रुपवर टाकतो.

पाथर्डी_फाटा

तापाच्या औषधाचं कुणीतरी नीट सांगा ना. आमच्याकडे पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या निघाल्या, तिन्हीवर वेगळे आकडे. बायको म्हणते ५ एमएल, आई म्हणते अर्धं झाकण.

बाळडॉक्टर_नाशिकरोड

हा प्रश्न सोन्याचा आहे. झाकण, चमचा, ‘शेजारच्या पोराला दिलं तेवढं’ यातलं काहीच माप नव्हे. डोस वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

बाजारात एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदी आहेत. १२ किलोचं मूल धरा, त्याला १८० मिलिग्रॅम. ५ एमएलला १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ७.५ एमएल. ५ एमएलला २५० चं असेल तर ३.६ एमएल. आणि ड्रॉप्स, एका एमएलला १०० वाले, तर फक्त १.८ एमएल. ड्रॉप्स सिरपच्या मापाने दिले तर काय होईल, हिशेब करा. यकृताचा प्रश्न आहे. बाटलीवर बघा, सिरिंजने मोजा, आणि लहानसं बाळ असेल किंवा वजन माहीत नसेल तर आधी फोन करून विचारा.

या दिवसांत आपल्याकडे डेंग्यूही असतो. ताप कशाचा हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना नाहीच. आणि मेडिकलमधून तोंड आल्याचं जेल आणून लावू नका. त्यांतल्या काहींत ॲस्पिरिनच्याच कुळातलं सॅलिसिलेट असतं, काहींत बधीर करणारं बेन्झोकेन. दोन्ही छोट्या मुलांना धोक्याचं. मध लावणारे असतील तर, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

मेरी_कॉलनी

आम्हाला दाखवल्यावर पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक लिहून दिलं. द्यायचं की नाही? डॉक्टरांना उलट विचारलं तर राग येतो.

बाळडॉक्टर_नाशिकरोड

न बघितलेल्या मुलाचं औषध मी इथून बंद करणार नाही. कधी कानाचा संसर्ग असतो, फोड खाजवून पिकलेले असतात. पण ‘हे कशासाठी दिलंय?’ हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे. राग येत असेल तर येऊ द्या.

सिडको_उत्तमनगर

कृपया लवकर सांगा. मुलगी २ वर्षांची. परवापासून हेच. आज सकाळपासून काही घेत नाहीये, घेतलं की रडते. डायपर सकाळी बदलला तो अजून कोरडा. आता झोपलीये शांत, ताप पण उतरलाय. उठवून पाजू का झोपू देऊ? ओआरएसचं टेट्रापॅक आणून ठेवलंय.

बाळडॉक्टर_नाशिकरोड

ताई, आत्ता निघा. मोबाइल खाली ठेवा. जवळच्या मुलांच्या दवाखान्यात, नाही तर सिव्हिलला. ‘शांत झोपलीये’ हे मला आवडलेलं नाही.

गोदाकाठी (इंदिरानगर)

ताई, पोचलात की कळवा. मी जागी आहे.

सिडको_उत्तमनगर

पोचलो. ॲडमिट करून सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले पाणी कमी झालंय, बाकी ठीक.

सिडको_उत्तमनगर

सकाळी दोनदा शू झाली. उठल्या उठल्या आईस्क्रीम मागतेय, इथे कुठून आणू. सगळ्यांचे आभार.

गोदाकाठी (इंदिरानगर)

बरं वाटलं वाचून. घरी गेल्यावर कुल्फीसुद्धा चालेल, सुकामेवा गाळून.

सिडकोच्या ताईंच्या पोस्टमधला ओआरएसचा टेट्रापॅक राहून गेला, तो सांगते. ती गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) असल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, तरी सवयीने आपण दुकानात तेच मागतो. खरी पावडर घ्या, पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेली. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० एमएलमध्ये. अर्धं पाकीट अंदाजाने, वर साखर घालून, असं काही करू नका. चवीला खारट आहे म्हणून मुलं नाक मुरडतात; गार करून दिलं की जातं.

बालवाडीताई

मी गंगापूर रोडला बालवर्ग घेते. पालकांनो, थोडं कडू बोलते. सकाळी घरून पॅरासिटामॉल पाजून पोर पाठवायचं, दहापर्यंत हसतंखेळतं, अकरा वाजता फणफणलेलं. फोन केला की ‘घरून निघाली तेव्हा छान होती हो’. तोवर तिने चार जणांच्या ब्लॉकवर लाळ लावलेली असते. नोकरी आहे, रजा नाही, घरी आजी नाही, हे मला समजतं. मीही आई आहे. पण मग वर्ग आठवडाभर बंद ठेवावा लागतो आणि तेव्हा तेच पालक फी परत मागतात.

मला नक्की कळलेलं नाही ते हे की मूल परत कधी घ्यायचं. काही पालक सर्व खपल्या पडेपर्यंत थांबतात, काही तिसऱ्या दिवशी हजर.

बाळडॉक्टर_नाशिकरोड

ताई, ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला, लाळ गळणं थांबलेलं, उघडे पाणीदार फोड नाहीत आणि मूल नीट खातं-पितंय, एवढं झालं की घ्या. सुकत आलेल्या डागांसाठी महिनाभर घरी बसवायची गरज नाही. खपल्यांचा नियम कांजिण्यांचा.

पण एक गोष्ट पालकांना सांगा. सगळ्यात जास्त पसरतो तो पहिल्या आठवड्यात, तरी विषाणू शौचातून पुढे कित्येक आठवडे जात राहतो. म्हणजे मूल ठणठणीत दिसलं तरी डायपर बदलणाऱ्याचे हात महत्त्वाचे. आणि इथे सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. या विषाणूला बाहेरचं चरबीचं आवरणच नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याचं फारसं काही बिघडवत नाही. साबण, वाहतं पाणी, नीट चोळून. खेळणी साबणाने धुवून मग पातळ केलेल्या ब्लीचने पुसा, बाटलीवर प्रमाण असतं, परत पाण्याने धुवा आणि उन्हात ठेवा. मऊ टेडी काही दिवस माळ्यावर.

बालवाडीताई

कोविडनंतर दारात सॅनिटायझरचा स्टँड ठेवला की पालक खूश. आता बेसिनजवळ साबण ठेवते आणि पायरी करून घेते, पोरांचे हात पोचत नाहीत.

सातपूर_शिफ्टवाला

मोठ्यांना होत नाही असं कोण म्हणतं? पोराचं बरं झालं आणि मला लागलं. तळपायाला असे फोड की सेफ्टी शूज घालता येईनात. अंबडला कंपनीत सांगितलं तर सुपरवायझर म्हणे, लहान मुलांचा आजार तुला कसा? फोटो दाखवला तेव्हा दोन पावलं मागे सरकला. बायकोला काहीच झालं नाही, तेच ताट तोच ग्लास.

बाळडॉक्टर_नाशिकरोड

मोठ्यांना होतो, बऱ्याचदा लक्षणं नसतात पण पसरवतात. बायकोचंही तसं असू शकतं. घरात कुणी गरोदर असेल तर एवढंच: बहुतेक वेळा आईला सौम्य आजार होतो, पण बाळंतपण जवळ असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा, कारण नवजात बाळाला लागण जड जाऊ शकते. आजारी मुलाचे डायपर तिला बदलू देऊ नका, बाप्यांनी बदला.

मेरी_कॉलनी

एकदा झालं की परत नाही ना होत? कांजिण्यांसारखं?

गोदाकाठी (इंदिरानगर)

होतं. एका विषाणूची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. ए१६ होऊन गेला तरी ए६ येऊ शकतो. माझ्या नणंदेच्या मुलाला एकाच वर्षात दोनदा. दुसऱ्या वेळी तिने ग्रुपवर फोटो टाकला नाही, सरळ पेज शिजवायला घेतली.

सातपूर_शिफ्टवाला

परत एक. आता पोराच्या दोन बोटांची नखं मुळापासून सुटायला लागलीत. पायाचा अंगठाही. दुखत नाही म्हणतो. आई म्हणते कॅल्शियम कमी झालं. बायको नेटवर काहीतरी भयंकर वाचून रडतेय.

बाळडॉक्टर_नाशिकरोड

वहिनींना सांगा, रडू नका. आजारानंतर काही आठवड्यांनी नखं सुटतात, ए६ मध्ये विशेष. आजारपणात नखाची वाढ थोडी थांबते, मग जुनं नख खालच्या नव्या नखावरून सुटून येतं. कॅल्शियमचा संबंध नाही. ओढून काढू नका, लोंबत असेल तर टोक कापा, मोजे घाला म्हणजे अडकणार नाही. नवीन नख आपोआप येतं, पायाच्याला वेळ लागतो. सोबत लाली, सूज, पू दिसला तर मात्र दाखवा.

सातपूर_शिफ्टवाला

वाचून दाखवलं. आता माझी नखं तपासतेय.